गुलाबी गर्दीच्या पायाशी बघा!

फ्लेमिंगोचे फोटो तर सगळेच काढतात. पण त्याच तळ्यावर, त्याच चिखलात, थेट सायबेरियाहून आलेलं एक टीचभर पाखरू तुरुतुरु धावत असतं. ते कधी बघितलंय?

खरं सांगा, तुमच्या फोनमध्ये फ्लेमिंगोचा निदान एक फोटो आहे की नाही? स्वतः काढलेला नसेल तर कुणीतरी ग्रुपवर टाकलेला, गुलाबी फिल्टर आणखी गडद केलेला. माझ्याकडे तर सत्तावीस होते. इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात मला फ्लेमिंगोवर चारशे शब्द लिहायला सांगितले होते. आता फ्लेमिंगोवर काय लिहायचं? आले, गुलाबी आहेत, लोक बघायला येतात. संपलं. तरी आपलं काम म्हणून मी रविवारी सकाळी हार्बर लाइन पकडली आणि सीवूड्स-दारावेला उतरले.

नेरुळच्या बाजूला एक तळं आहे. शेजारच्या शाळेमुळे सगळे त्याला 'डीपीएस तळं' म्हणतात. एका अंगाला टॉवर, दुसऱ्या अंगाला खारफुटी आणि खारफुटीच्या पलीकडे ठाण्याची खाडी. काठावर पोचले तर ही गर्दी! ट्रायपॉड, सेल्फी स्टिक, प्री-वेडिंगवालं एक जोडपं, घोंगडीएवढी ओढणी उडवणारी एक रीलवाली. मी पण फोटो काढले. वीसेक मिनिटांत माझा विषय संपला.

जरा बाजूला एक काका तिकाटण्यावर दुर्बीण लावून उभे होते. साधी नाही, ती एका डोळ्याची मोठी असते ना, स्पॉटिंग स्कोप, तसली. मजा म्हणजे तिचं तोंड फ्लेमिंगोंकडे नव्हतंच. मी विचारलं, "काका, तिकडे काय आहे?" ते म्हणाले, "तूच सांग." मी डोळा लावला. चिखल. चिखलावर चिमण्यांसारखं काहीतरी करड्या रंगाचं वळवळतंय. मी आत्मविश्वासानं म्हटलं, "चिमण्या!"

काका हसले नाहीत, ही त्यांची कृपा. एवढंच म्हणाले, "ही चिमणी गेल्या जूनमध्ये आर्क्टिकला होती."

घाऱ्यागोऱ्यांच्या गर्दीतले मातकट

त्या पाखराचं नाव टिलवा. छोटा टिलवा. इंग्रजी पुस्तकात लिटल स्टिंट. वजन साधारण पंचवीस ग्रॅम, म्हणजे रिमोटमध्ये घालतो तो एक पेन्सिल सेल हातात घ्या, तेवढंच. हा प्राणी उत्तर युरोप आणि सायबेरियाच्या टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळा काढायला आफ्रिकेपर्यंत आणि आपल्याकडे येतो. दरवर्षी. तिकीट नाही, कन्फर्मेशन नाही.

आणि तो एकटाच नाही. तळ्याच्या त्या पट्ट्यात त्या दिवशी माझ्या डोळ्यांना 'करडं काहीतरी' दिसत होतं, त्यात काकांनी मला अर्ध्या तासात सात जाती दाखवल्या. यांना सगळ्यांना मिळून इंग्रजीत शोअरबर्ड किंवा वेडर म्हणतात. आपण किनारपक्षी म्हणू, किंवा चिखलातले पक्षी म्हणू. आपल्या भाषेत यांना नावं नाहीत असं समजू नका. शेकाट्या, उचाट, चिखल्या, तुतवार, टिलवा, टिटवी. एकदा मोठ्यानं म्हणून बघा, काय भारी नावं आहेत! मारुती चितमपल्लींनी तर अख्खा 'पक्षिकोश' लिहून ठेवलाय. आपणच तो उघडत नाही.

आता प्रश्न असा की खाडी एवढी मोठी असताना हे पक्षी या तळ्यावर का येतात? याचं उत्तर कळलं की तुमचं निम्मं काम झालं. ओहोटीला खाडीचा चिखल मैलोन् मैल उघडा पडतो, तेव्हा हे सगळे तिकडे जेवायला पांगतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो. टिलव्याचे पाय बोटभर, तो उभा राहणार कुठे? मग सगळे थवे उचलतात आणि जवळच्या उथळ तळ्यांवर येऊन बसतात. डीपीएस तळं, टीएस चाणक्यमागची पाणथळ, उरणकडची पाणजे, भेंडखळ ही त्यांची भरतीच्या वेळची विश्रांतीची ठिकाणं. म्हणजे खाडी ही खानावळ आणि तळं हे हॉस्टेल. दोन्ही जवळजवळ असतील तरच परवडतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून सकाळी सहाला अलार्म लावून जाण्यात अर्थ नाही. भरतीच्या वेळी जायचं. मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं, पण मला त्याहून भन्नाट गोष्ट मिळाली. करावे गावातले एक आगरी आजोबा तिथे रोज चालायला येतात. ते म्हणाले, "पोरी, पाऊणकी येते का?" मला पाऊणकी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे असायचे, त्यातली पाऊणकी. हिशोब असा: तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. आणि साधारण साडेबारा तासांनी पुन्हा एकदा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण मी पुढच्या महिनाभर कालनिर्णय आणि ॲप ताडून बघितलं. आजोबा जिंकले.

त्यातही एक गोम आहे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, खाडीत थोडा चिखल उघडाच राहतो. मग पक्षी तळ्यावर यायचा कंटाळा करतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा त्यांना यावंच लागतं. म्हणजे तुम्हाला सकाळचा उजेडही हवा आणि उधाणही हवं, तर बारस-तेरस गाठा. नऊ ते पावणेदहाची भरती, त्याच्या तासभर आधी काठावर हजर. मी आयुष्यात पहिल्यांदा पंचांग बघून कुठेतरी गेले असेन, तर ते चिखल बघायला. आईला सांगितलं तेव्हा तिला वाटलं, पोरगी सुधारली.

सगळे सारखेच दिसतात, मग ओळखायचे कसे?

पहिले दोन आठवडे मला सगळे सारखेच दिसले. हे मी आधीच सांगून टाकते, कारण तुम्हालाही तसंच होणार आणि तुम्ही 'हे आपल्याला जमणार नाही' म्हणून सोडून देणार. थंडीत यांचे रंग गेलेले असतात. वर करडं, खाली पांढरं. रंग बघत बसलात तर वाट लागली.

रंग सोडा, चाल बघा. हा सगळ्यात मोठा धडा. एखादा पक्षी पाच-सहा पावलं पळाला, एकदम स्टॅच्यू झाला, मग एकच टोच मारली, पुन्हा पळाला, तर तो चिखल्या किंवा त्याचा कुणी भाऊबंद. त्याची चोच आखूड असते आणि डोळे टपोरे, कारण तो बघून शिकार करतो. उलट एखादा मान खाली घालून शिलाई मशीनसारखी टकटकटकटक चोच चालवत असेल, वर बघायचं नावच नाही, तर तो टिलवा किंवा तुतवार. तो बघून नाही, चाचपून खातो. एवढा एक फरक कळला की गर्दी एकदम दोन भागांत फुटते.

मग पाय. शेकाट्याला तर दहावीचं पोरगंही ओळखेल. काळे पंख, पांढरं अंग आणि गुलाबी काड्यांसारखे लांबच लांब पाय, जणू दुसऱ्याचे उसने आणलेत. लाल-केशरी पायाचा, उडाला की पंखाच्या मागच्या कडेला पांढरी पट्टी चमकते, तो रेडशँक. तो थव्याचा वॉचमन आहे. सगळ्यात आधी तोच ओरडतो. हिरवट पाय आणि किंचित वर वळलेली चोच असेल तर ग्रीनशँक. पिवळट पाय आणि पाठीवर ठिपके असतील तर वुड सँडपायपर. आणि काठाच्या दगडावर एकटाच, शेपटाकडचा भाग सारखा वरखाली हलवत उभा आहे, तो कॉमन सँडपायपर. त्याला बघितलं की मला आमच्या वर्गातला बाक हलवणारा एक मुलगा आठवतो.

आणि चोच. चोचीवर मी खरं तर पूर्ण लेख लिहीन. उचाटाची चोच वर वळलेली; तो ती पाण्यात डावीउजवीकडे फिरवतो, विळ्यानं गवत कापावं तशी. कर्ल्यूची लांबलचक आणि खाली वाकलेली. काळ्या शेपटीच्या गॉडविटची लांब, सरळ, बुडाशी गुलाबी आणि टोकाशी काळी. गॉडविट चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो. मला प्रश्न पडला, की आत गेल्यावर किडा सापडला तरी तोंड उघडणार कसं? चारी बाजूंनी चिखल दाबतोय. तर या पक्ष्यांना चोचीचं फक्त टोक उघडता येतं. बाकी चोच मिटलेली आणि टोक चिमट्यासारखं उघडतंय. एवढंच नाही, टोकाच्या हाडात बारीक बारीक खळगे असतात आणि त्यात दाब ओळखणाऱ्या संवेदनपेशी. ओल्या चिखलात आजूबाजूला हललेलं त्यांना जाणवतं. तुम्ही-आम्ही अंधारात चार्जर चाचपडतो तसं नाही, फार वरचं काम आहे हे. म्हणूनच हे पक्षी रात्रीही खातात. त्यांचं घड्याळ सूर्यावर नाही, ओहोटीवर चालतं. रात्री दोन वाजता मॅगी खाणाऱ्यांनी हे वाचून उगाच अभिमान बाळगू नये.

'ओल्या' हा शब्द मात्र लक्षात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

आईबाबा आधीच निघून गेलेले

बाकचोच तुतवार, इंग्रजीत कर्ल्यू सँडपायपर, हा माझा लाडका झाला. दिसायला टिलव्याचा मोठा भाऊ, चोच लांब आणि टोकाकडे खाली झुकलेली. उत्तर सायबेरियात, तैमिरच्या बाजूला त्याचा जन्म होतो. तिकडचा उन्हाळा इतका छोटा, की सगळं घाईघाईत. नर तर जोडी जमली, अंडी घातली गेली की जुलैमध्येच दक्षिणेकडे सुटतो. मादी पिल्लं वाढवते आणि तीही पुढे निघते. पिल्लं सगळ्यात शेवटी निघतात. एकटी. कुणी वाट दाखवायला नाही, आधी कधी गेलेली नाहीत, आणि जन्मून जेमतेम दीड-दोन महिने झालेले.

मी सातारहून पुण्याला शिकायला आले तेव्हा बाबा बसस्टँडपर्यंत आले होते, मामा पुण्याच्या बसस्टँडवर उभा होता, आणि तरी मी पहिल्या रात्री रडले होते. असो.

या प्रवासाचा सगळ्यात वेडा दाखला मात्र आपल्याकडचा नाही. बार-टेल्ड गॉडविट नावाचा एक भाऊबंद आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्या जातीचं साधारण पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून निघालं आणि थेट टास्मानियात उतरलं. पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र होतं, त्यामुळे हिशोब पक्का आहे: १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, मध्ये एकही थांबा नाही. खाणं नाही, पाणी नाही, कारण ते पाण्यावर बसू शकत नाही. या पक्ष्यांची निघण्यापूर्वीची तयारीही अचाट असते. अंगावर चरबी इतकी चढवतात की वजन जवळपास दुप्पट होऊ शकतं, आणि ओझं नको म्हणून पोटातली पचनाची इंद्रियं आक्रसून घेतात. आपण जीमचे पैसे भरून जात नाही.

आपल्याकडे येणारे बहुतेक मध्य आशियाई उड्डाणमार्गानं येतात. तीस देशांवरून जाणारा हा रस्ता आहे. आणि या रस्त्यावर तिकडे काय होतं त्याचा हिशोब इकडे लागतो. उदाहरण ऐका. टुंड्रात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी असतात. त्यांची संख्या दर काही वर्षांनी वाढते आणि कोसळते. लेमिंग भरपूर असले की आर्क्टिक कोल्हे ते खातात आणि तुतवाराची पिल्लं वाचतात. लेमिंग कमी झाले की कोल्हे पिल्लांवर वळतात, आणि त्या वर्षी दक्षिणेकडे येणाऱ्या थव्यांत नवे पक्षी कमी दिसतात. म्हणजे नेरुळच्या तळ्यावर उभं राहून तुम्ही सायबेरियातल्या उंदरांची बातमी वाचू शकता. मला पत्रकारितेच्या तीन वर्षांत इतका लांबचा सोर्स कुणी दिला नव्हता.

आनंदाची बातमी एवढीच. २०२४ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत एका फटक्यात १६ जातींच्या स्थलांतरित किनारपक्ष्यांची अवस्था आधीपेक्षा वाईट म्हणून नोंदली गेली. माझा बाकचोच तुतवार त्यात आहे. तो आता 'असुरक्षित' या गटात गेलाय. मी त्याला ओळखायला शिकले आणि तो त्या यादीत चढला, दोन्ही साधारण एकाच सुमाराला.

मी केलेली चूक

हे लिहू की नको, असं वाटत होतं. पण लिहिते.

जानेवारीतली तेरस होती. मी रूममेटला घेऊन गेले होते, थोडा भाव खायला. समोरच्या पट्टीवर तीन-चारशे पक्षी बसलेले, बरेचसे एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. मोबाइलमध्ये ते ठिपके दिसत होते. रूममेट म्हणाली, "अगं, इथून काय घंटा दिसतंय, पुढे जाऊ ना." मला माहीत होतं की जाऊ नये. तरी आम्ही बांधावरून उतरलो आणि वाकून वाकून पुढे सरकलो, डिस्कव्हरीवाल्यांसारखं. आधी रेडशँक ओरडला. मग अख्खा थवा उठला.

दिसायला काय दिसतं ते! चारशे पक्षी एकदम वळतात, क्षणात पांढरे, क्षणात करडे, जणू कुणी चादर झटकतंय. रूममेटनं व्हिडिओ काढला. मस्त आला. तिला वाटलं, मी मुद्दाम तिच्यासाठी शो लावलाय.

मग ते बसेनात. एक फेरी, दुसरी, तिसरी, चौथी. भरती भरलेली, खाडीत चिखल शिल्लक नाही, आणि त्यांच्या एकुलत्या एका पट्टीवर आम्ही दोघी उभ्या. आम्ही मागे सरकलो तरी बराच वेळ ते घिरट्या घालत होते. शेवटी निम्मे कुठेतरी उरणच्या दिशेनं निघून गेले.

ते स्कोपवाले काका लांबून बघत होते. परत आल्यावर मला वाटलं आता ओरडा बसणार. ते म्हणाले, "व्हिडिओ आला का चांगला?" मी गप्प. मग म्हणाले, "पेट्रोल त्यांचं, फेरफटका तुमचा."

बस, एवढंच. पण ते मला अजून लागलेलं आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री कुणीतरी तुमच्या हॉस्टेलचा फायर अलार्म चार वेळा वाजवला, आणि कशासाठी तर खाली धावणारी पोरं व्हिडिओत छान दिसतात म्हणून, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? भरतीचा वेळ हा त्यांचा झोपेचा आणि चरबी राखायचा वेळ आहे. ती चरबी त्यांना एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर उडायला लागणार आहे. तो व्हिडिओ आम्ही डिलीट केला. रूममेट थोडी चिडली.

तर, जा जरूर, पण बांधावरून खाली उतरू नका. पक्ष्यांनी खाणं थांबवून मान वर केली की समजा, तुम्ही जास्त जवळ गेलात. दोन पावलं मागे या. ड्रोनचं नावसुद्धा काढू नका.

पाणी जास्त, पाणी कमी

आता तो 'ओल्या'चा मुद्दा. फेब्रुवारीत मी एका रविवारी गेले तर तळ्याचा मोठा भाग सुकलेला. चिखलाला भेगा, त्यावर कुत्री झोपलेली. चांगली तेरस असूनही टिलवा एकही नाही. भेगा पडलेल्या चिखलात कसली चोच जाणार आणि कसला दाब कळणार? पुन्हा पाणी खूप वाढलं तरी हेच. टिलव्याला दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी चालत नाही, तुतवाराला थोडं जास्त, गॉडविटला आणखी थोडं. प्रत्येकाची पायरी ठरलेली. तळं काठोकाठ भरलेलं दिसलं की आपल्याला छान वाटतं, पण या लोकांसाठी तो 'हाउसफुल्ल'चा बोर्ड असतो.

म्हणजे सगळा खेळ खाडीचं पाणी तळ्यात येण्याच्या आणि जाण्याच्या वाटेवर आहे. या वाटा बुजल्या की तळं मरतं, दिसायला मात्र तिथेच असतं. २०२४ च्या हंगामात इथल्या परिसरात जखमी आणि मेलेले फ्लेमिंगो सापडले, पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्याच्या बातम्या आल्या, नागरिकांनी आंदोलनं केली. त्यानंतर २०२५ मध्ये या तळ्याला 'संवर्धन राखीव' क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य पातळीवर झाला. पलीकडची ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ. कागद चांगले आहेत. पण टिलवा कागदावर उभा राहत नाही. पाणी किती इंच आहे, हे कुणीतरी दर आठवड्याला जाऊन बघावंच लागतं.

आणि यात मला एक गोष्ट खटकते. लढाया सगळ्या फ्लेमिंगोच्या नावानं होतात. होऊ देत, गुलाबी रंगाला टीआरपी आहे, आमच्या धंद्यात ते कळतं. पण उंच पायाच्या फ्लेमिंगोला जे पाणी चालतं, ते टिलव्याला बुडवतं. फ्लेमिंगो दिसताहेत म्हणजे तळं ठीक आहे, असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका.

तुम्ही काय करू शकता? मोजू शकता. गंमत नाही करत. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून चालू आहे, आणि तिला हौशी हात लागतात. शिवाय ईबर्डवर एरवीही यादी टाकता येते. मोजायचं तंत्र सोपं आहे: आधी दहा पक्षी नीट मोजा, ते दहा केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवा, मग तेवढे तुकडे मोजत जा. पहिल्यांदा मी अडीचशे म्हटलं, काकांचे सहाशे होते. आता आमच्यात वीस-पंचवीसचा फरक येतो. दुर्बीण नसेल तर चौघांत एक घ्या. तेवढ्यावर सुरुवात होते. आणि मुंबईतच राहायला हवं असंही नाही. शिवडी, भांडुप, ऐरोली तर आहेतच, पण नाशिकवाल्यांना नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. सोलापूर-पुण्याकडे उजनी, संभाजीनगरजवळ जायकवाडी. तिकडे भरती-ओहोटी नाही, पाऊणकी चालणार नाही, पण धरणाचं पाणी उतरलं की काठाला तोच चिखल आणि तीच मंडळी.

ते एक अक्षर

मार्चच्या शेवटी मला एक झेंडा दिसला. बाकचोच तुतवारांच्या घोळक्यात एकाच्या पायात इवलीशी रंगीत प्लॅस्टिकची पट्टी होती. बीएनएचएससारख्या संस्था पक्षी पकडून त्यांच्या पायात कडी आणि अशा पट्ट्या घालतात आणि सोडून देतात. त्यावर अक्षरं आणि आकडे असतात. कुणी ती वाचली, की हा पक्षी कुठे, कधी पकडला होता आणि आज कुठे आहे ते जुळतं. एवढ्याशा पट्टीवरून सगळा प्रवास.

मी काकांच्या स्कोपला मोबाइल लावून धडाधड फोटो काढले. हात थरथरत होते. घरी येऊन बघितलं तर पहिलं अक्षर स्पष्ट, दुसऱ्यावर चिखल, तिसऱ्यावर दुसऱ्या पक्ष्याची मान. तरी मी फोटो पाठवले. उत्तर आलं, अगदी नम्र: पूर्ण कोड असल्याशिवाय सांगता येणार नाही, पुन्हा दिसला तर कळवा.

पुन्हा दिसला तर! त्यानंतर मी चार रविवार गेले. एप्रिलमध्ये तुतवारांचा रंग बदलायला लागला. करडे होते ते पोटाकडून विटकरी होत गेले, एकेकाचं अंग नुसतं भाजल्या विटेसारखं. टिलव्यांच्या पाठीवर तांबूस झाक आली. सगळे आता अधाशासारखे खात होते, आम्ही काठावर उभे आहोत याकडेही फारसं लक्ष नव्हतं. गर्दी मात्र कमी झाली होती, ऊन होतं ना.

शेवटच्या रविवारी अष्टमी होती. भांगाची भरती, म्हणून फार अपेक्षा न ठेवता संध्याकाळी गेले. पाणी बेताचं होतं, चिखल ओला. तुतवारांची एक तुकडी एका ओळीत खात होती. मी प्रत्येकाचे पाय बघितले. मग सूर्य टॉवरमागे गेला, तसे ते आवाज करत उठले, नेहमीसारखे वळून परत येतील म्हणून मी थांबले, तर ते वर वर चढत गेले आणि खाडीवरून उत्तरेला दिसेनासे झाले.

वहीत लिहिलं: बाकचोच तुतवार, ४१. सायंकाळी ६.४०. पायात काही दिसलं नाही.